डासांचा स्प्रे, करपलेली जास्वंद आणि फळ न धरणारा दोडका

अक्का, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या वडगावात घरामागच्या परड्यात जास्वंद, कढीपत्ता, दोन गुलाब आणि मांडवावर दोडका आहे, व्हरांड्यात फर्न टांगलेत. पाऊस उघडल्यापासून डास संध्याकाळी बसू देत नाहीत, म्हणून आठवडाभर दिवेलागणीला झाडांमधून डासांचा स्प्रे मारलात आणि पायरीवर कॉईल लावलीत. आता जास्वंदीच्या पानांवर तपकिरी डाग पडलेत, फर्नचे शेंडे वाळलेत आणि दोडक्याला फुलं येऊनही फळ धरत नाही. झाडं जगतील का, डासांचं काय करायचं आणि कढीपत्ता फोडणीला घालायचा का, असं तुम्ही विचारलंय. रोपवाटिकेत काम करत आलोय, त्यामुळे पावसाळा सरला की असली करपलेली पानं पिशवीत घालून घेऊन येणारी माणसं नेहमीची आहेत.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. डबीवर ज्याचं नाव छापलेलं असतं ते औषध, आणि ते ज्यात विरघळवलेलं असतं ते तेल. आपल्याकडच्या कॉईल, लिक्विड, स्प्रे या सगळ्यांत औषध असतं ते पायरेथ्रॉइड गटातलं: ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, सायपरमेथ्रिन, इमिप्रोथ्रिन अशी नावं बारीक अक्षरात वाचायला मिळतील. डेझीसारख्या दिसणाऱ्या पायरेथ्रम नावाच्या झाडाच्या फुलात निसर्गतःच कीटकनाशक असतं, त्याच्याच धर्तीवर ही सगळी कारखान्यात बनवलेली. हे औषध किड्याच्या नसांवर काम करतं. नसेतून संदेश पुढे जाताना सोडियमचं जे दार उघडतं आणि मिटतं, ते मिटूच देत नाही. किडा तडफडून पडतो. झाडाला नसाच नाहीत, त्यामुळे इतक्या थोड्या औषधानं झाड सहसा मरत नाही. याच गटातली औषधं आपले शेतकरी मिरचीवर, वांग्यावर पाण्यातून मारतातच की.

करपवतं ते तेल. स्प्रेच्या डब्यात बहुतेक वेळा वास काढलेलं रॉकेल असतं आणि ते बाहेर ढकलायला एलपीजीसारखा वायू दाबून भरलेला असतो. पानावर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी आत-बाहेर जाऊ देत नाही, पण रॉकेलपुढे तव्यावरच्या तुपासारखा विरघळतो. मग तेल पेशींपर्यंत पोचतं, पेशींचं आवरण फुटतं आणि तेवढा भाग आधी ओला-पारदर्शक, मग एक-दोन दिवसांत तपकिरी, कागदासारखा होतो. त्यात डबा पानापासून वीतभर अंतरावर धरून मारला तर आणखी एक भर पडते. दाबातला वायू बाहेर पडताना इतका थंड असतो की कोवळं पान गारठून जळतं. फर्नचं पान पातळ आणि मेणाचा थर नावापुरता, म्हणून पहिला बळी त्याचा. जास्वंदीची जून पानं जरा टिकतात, पण शेंड्याची कोवळी पानं नाही. कढीपत्त्याचंही तसंच, कोवळी पालवी काळी पडते.

आता हे डाग स्प्रेचेच की रोगाचे, ते घरीच ओळखता येतं. स्प्रेचे डाग झाडाच्या एकाच बाजूला, तुम्ही जिथं उभ्या होता त्या बाजूच्या पानांवर जास्त असतात. सगळे एकदमच दिसू लागतात आणि नंतर वाढत नाहीत. बुरशीचा डाग लहान सुरू होतो, कडेला बहुधा पिवळं कडं असतं आणि दर दोन-चार दिवसांनी नवी पानं धरतो. खत जास्त झालं असेल तर पानं टोकाकडून आणि कडेकडून वाळतात, मधे ठिपके पडत नाहीत. जास्वंदीखाली उभ्या राहून बघा, भिंतीकडची पानं हिरवीगार आणि पायरीकडची डागाळलेली असली तर पुढे शोधाशोध करायची गरज नाही.

झाडं जगतील. स्प्रे मारून चोवीस तास झाले नसते तर लगेच धुवा म्हणालो असतो: बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्याचा लिक्विड साबण, आणि नंतर साधं पाणी. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. आता तुमच्या पानांचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. अर्धं हिरवं असलेलं पान तोडू नका, तेवढ्या हिरव्यावरही झाड अन्न करतं. पूर्ण वाळलेलं तेवढं काढा. फर्न आठवडाभर सावलीत, वाऱ्याच्या आड ठेवा, माती ओलसर राहू द्या. खत मात्र अजिबात नको. झाड सुकलं की युरियाची चिमूट टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि दुखावलेल्या मुळांना-पानांना तीच भोवते. फर्नच्या मधल्या गाभ्यातून गुंडाळलेली नवी पालवी वर आली की समजायचं सुटला.

आणि एक, झाडांपेक्षा महत्त्वाचं. दिवेलागणीला स्प्रे मारता म्हणालात, त्याच वेळी तुळशीपुढे निरांजन असतं. तो फवारा ज्वालाग्राही आहे. पेटत्या दिव्याजवळ, कॉईलच्या निखाऱ्याजवळ डबा दाबायचा नाही.

कॉईलचा झाडांना त्रास कमी, माणसांना जास्त. बंद खोलीत एक कॉईल जळली की निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत मोजलं गेलंय. परड्यात उघड्यावर तेवढं साठत नाही. पण अर्धवट जळणाऱ्या कुठल्याही धुरात थोडा इथिलीन वायू असतो, आणि इथिलीन म्हणजे झाडाच्या दृष्टीनं फळ पिकव, फूल गाळ असा हुकूम. फिलिपिन्समध्ये आंब्याला मोहर यावा म्हणून बागेत दिवसेंदिवस धूर करायची जुनी रीत होती, ती याच तत्त्वावर. टांगलेल्या ऑर्किडच्या किंवा फर्नच्या बरोबर खाली कॉईल ठेवली तर कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. चार-पाच फूट बाजूला, धूर झाडाकडे जाणार नाही अशा अंगाला ठेवलीत तर काही होत नाही. उरलेली चिमूटभर राख कुंडीत पडली तरी चिंता नाही, पण रोज तिथंच झटकू नका.

घरातल्या लिक्विडच्या मशीनबद्दल फार बोलायला नको. डबीत प्रॅलेथ्रिन १.६ टक्के किंवा ट्रान्सफ्लुथ्रिन ०.८८ टक्के, असंच काहीसं प्रमाण असतं, आणि रात्रभरात उडतं ते मिलिलिटरच्या हिशेबात. त्या खोलीतल्या मनी प्लांटला काही होत नाही. फक्त मशीनच्या अगदी वर वेल सोडू नका आणि माशांची काचपेटी त्या खोलीत असली तर ती झाका. पायरेथ्रॉइड माशांना फार जहाल. डबी संपली की त्यात रॉकेल, कापूर, कडुनिंबाचं तेल भरून वापरायची युक्ती फिरत असते. ती मशीन रॉकेल तापवायला बनवलेली नाही. रात्री झोपेत आग लागायला एवढं पुरे.

आता दोडक्याकडे येऊ, कारण तुमचं खरं नुकसान तिथं झालंय आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, साधारण पाच ते आठच्या दरम्यान. दुधीचंही तसंच. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मादीच्या देठाशी बोटाएवढा दोडका आधीच दिसतो. नराचं पराग तिथं नेऊन पोचवायला संध्याकाळी फिरणारे पतंग, भुंगे आणि उशिरापर्यंत काम करणाऱ्या मधमाश्या लागतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही मांडवाखाली स्प्रे मारता. डास मरतात थोडे, पतंग आणि माश्या मरतात नाही तर तिकडं फिरकेनाशा होतात. पराग पोचला नाही की तो बोटभर दोडका पिवळा पडून गळतो. सगळा दोष स्प्रेचाच असं मी म्हणणार नाही. वेलाला सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, आणि संध्याकाळी पावसाची सर आली तर पराग धुऊन जातात. पण मादी फुलं येऊन बोटभर फळ गळत असेल आणि आभाळ कोरडं असेल, तर पतंग-माश्या गेल्या असं धरून चाला.

त्यावर उपाय हातात आहे. स्प्रे आजपासून बंद. सात वाजायच्या सुमाराला नुकतं उमललेलं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागं वळवा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे करून उपयोग नाही, वेळ गेलेली असते. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तिथं मात्र सकाळीच करायचं.

गुलाबाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण पुढच्या महिनाभरात लिहाल अशी भीती आहे. गुलाबावर लाल कोळी असतोच, पानामागं, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारे दुसरे कोळी, ढालकिडे, क्रायसोपा नावाच्या मित्रकिडीच्या अळ्या हे सगळे पायरेथ्रॉइडनं पटकन मरतात. लाल कोळ्यावर मात्र ही औषधं फारशी चालत नाहीत. म्हणजे राखणदार गेले आणि चोर राहिला. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पानं फिकट, ठिपकेदार होतात आणि मागं बारीक जाळी दिसते. ती दिसायच्या आतच गुलाबाच्या पानांच्या मागच्या बाजूला पाण्याची जोराची धार दर तीन-चार दिवसांनी मारत राहा. कोळी धुऊन जातो. औषध नको. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी पुष्कळ जण हाच घरातला स्प्रे वापरतात. त्यानं ढेकणाच्या अंगावरचं मेण भेदतं तसं पानाचंही भेदतं, आणि त्याला खाणारा ढालकिडा तर आधीच मेलेला असतो. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढणं हेच बरं.

धुराची गाडी गल्लीत येते तेव्हा काय करायचं हा प्रश्न तुमच्या शेजाऱ्यांचाही असेल. त्या धुरात मॅलॅथिऑन किंवा सायफेनोथ्रिनसारखं औषध डिझेलमध्ये नाही तर रॉकेलमध्ये मिसळलेलं असतं. दूरवरच्या धुरानं झाड करपत नाही, नळीच्या तोंडासमोर आलेलं मात्र तेलकट थेंबांनी करपतं. फर्नला मॅलॅथिऑन मुळातच सोसत नाही. गाडीचा आवाज आला की पालेभाजीवर, तुळशीवर जुनं धोतर-साडी टाका, टांगलेल्या कुंड्या आत घ्या, पाण्याची डोण झाका. अर्ध्या तासानं कापड काढून झाडांवर पाणी मारा. तो धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांनाच मारतो. दुसऱ्या दिवशी पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांना त्याचा काहीच पत्ता नसतो. म्हणून साथ पसरलेली असताना तो ठीक, रोजचा उपाय म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये.

अंगाला लावायच्या क्रीमचं एका वाक्यात सांगतो: लावा, पण हात धुऊन मग रोपांना हात लावा, फवाऱ्याचं असेल तर हिरवळीवर उभं राहून मारू नका, गवतावर पावलांचे पिवळे ठसे उमटतात.

घरगुती म्हणून जे केलं जातं तेही निर्दोष नाही. कडुनिंबाचं तेल चांगलं, पण तेही तेलच. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली तेल, अर्धा चमचा साबण, नीट घुसळून, उन्हं कलल्यावर आणि आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघून. दोडक्याची फुलं उमललेली असताना हेही नको, अंधार पडल्यावर किंवा खालच्या पानांवरच मारा. त्याआधी दोन-तीन आठवड्यांत झाडावर गंधक मारलेलं असेल तर तेल मारायचंच नाही, पानं हमखास जळतात. निपाणी-चिकोडीकडून आलेल्या पाहुण्यांनी तंबाखूचा भुगा आणून दिला की त्याचं पाणी करून झाडांवर आणि डासांसाठी कोपऱ्यात मारायची पद्धत आपल्याकडे आहे. निकोटिन हे जहाल विष आहे, कातडीतूनही शिरतं आणि मधमाश्यांना सोडत नाही. शिवाय तंबाखूच्या भुग्यात मोझॅकचा विषाणू सुकलेल्या अवस्थेतही टिकून राहतो. त्या हातानं टोमॅटो-मिरचीचे शेंडे खुडले की पानं चितकबरी होतात आणि त्यावर औषध नाही, झाड उपटायचं.

डास पळवणारी झाडं म्हणून गवती चहा, सिट्रोनेला, झेंडू, पुदिना विकले जातात. आमच्याच धंद्यातली माणसं विकतात, मलाही गिऱ्हाईक मागतं तेव्हा देतो. पण खरं सांगायचं तर कुंडीत नुसतं उभं असलेलं झाड डास पळवत नाही. तेल पानात कोंडलेलं असतं, पान चुरगळल्यावर बाहेर येतं आणि थोड्या वेळात उडून जातं. गवती चहा लावा तो चहासाठी.

मग डासांचं काय? रात्री कानाशी गुणगुणणारे ते बहुतेक क्युलेक्स, घाण पाण्यातले. बळ्ळारी नाल्याच्या अंगाला राहणाऱ्यांना त्यांच्यापासून सुटका नाही, जाळी आणि पंखा एवढंच आपल्या हातात. डास फार कच्चा उडणारा आहे, व्हरांड्यात टेबलफॅन लावून बसलात तर अर्धेअधिक जवळ येत नाहीत, आणि पंख्यानं कुठलंच पान करपत नाही. पण दिवसाउजेडी आणि दिवेलागणीला पायाला चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, तो एडिस. डेंग्यू आणणारा हाच. तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण चारशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तो तुमच्या किंवा शेजारच्या परड्यातच जन्मलेला असतो.

आपल्या शहरात मोजके वॉर्ड सोडले तर नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल, हौद, दगडी डोण भरलेली. त्यात बागवाल्यांची भर: कुंडीखालच्या बश्या, मनी प्लांटच्या बाटल्या, अळूच्या आणि केळीच्या पानांच्या बेचक्या, कुंपणाच्या बांबूची उघडी तोंडं, कमळाचं टब. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं ओतायचं. नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी आलं की फुटतात. काथ्यानं घासूनच काढावी लागतात. बशीत जाड वाळू काठोकाठ भरा, पाणी ओलावा म्हणून राहतं पण उघडं राहत नाही. मनी प्लांटच्या बाटलीच्या तोंडाला कापूस लावा. बांबूच्या तोंडात माती ठासा. बॅरलला जुन्या साडीचं दुपदरी फडकं दोरीनं आवळून बांधा. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथरोग ठरवून, आवारात डासांची पैदास सापडली तर घरमालकाला शहरात ४०० आणि खेड्यात २०० रुपये दंडाची तरतूद केलीय, तेही लक्षात असू द्या.

जे पाणी ओतता येत नाही, त्यात दोन मार्ग. एक गप्पी मासे, कमळाच्या टबात पाच-सहा पुरतात. मात्र टबावरून स्प्रे गेला की मासे मरतात, आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच टबात अळ्यांची खिचडी होते. दुसरा मार्ग बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एका डबक्यात सापडला. डासाची अळी तो खाते आणि तिचं आतडं फुटतं. झाडं, मासे, मधमाश्या यांना काही होत नाही. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका, दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. कुंडीतल्या ओल्या मातीवर ज्या बारीक काळ्या माश्या उडतात, त्यांच्या अळ्याही यानं कमी होतात.

राहिला कढीपत्ता. स्प्रे लागलेली पानं फोडणीला घालू नका, धुऊनही नको. घरातल्या स्प्रेचं औषध खायच्या पिकासाठी मंजूर केलेलं नसतं, त्यामुळे किती दिवसांनी तोडायचं याचा आकडा डब्यावर सापडणार नाही. पायरीकडच्या फांद्या पेन्सिलच्या जाडीपर्यंत मागं छाटा आणि ती पानं खड्ड्यात पुरा, गुरांना घालू नका. थंडी वाढायच्या आत छाटलंत तर महिन्याभरात नवी पालवी येईल, ती खुशाल वापरा. तुळशीच्या पानांनाही हाच नियम. आणि दोडका, जो यापुढे धरेल तो, निःशंक खा.